जुन्या सोलापुरी चादरीचं तोरण आणि भेटीची थैली

चादर मधे विरली तरी तिचे काठ बहुतेक चांगलेच राहतात. ते फरशी पुसायला घेऊ नका, दिवाळीसाठी ठेवा. सोलापुरी चादरीची नक्षी विणीतच असते, छापलेली नसते. त्यामुळे छोटा तुकडाही उठून दिसतो.

अडचण एकच: कापलं की दोरे सुटतात. म्हणून आधी कापायचं नाही. खडूनं पानाचा आकार काढा, फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून त्या रेषेवर ब्रशनं लावा, रात्रभर वाळू द्या आणि मग रेषेवरूनच कापा. कडा कडक होते, ओवरलॉकची गरज पडत नाही. कात्री मात्र शिवणकामाची, धारदार हवी.

तीन फुटी दारासाठी ३ इंच रुंद, ६ इंच लांब अशी ११ पानं पुरतात. वरचा इंचभर भाग मागे दुमडून शिवा, त्यातून सुतळी ओवा. दोन पानांमध्ये एकेक लाकडी मणी घातला तर फार छान दिसतं.

भेटीसाठी ७ बाय १८ इंचाची पट्टी मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवा, उलटवा, तोंडाला नाडी बांधा. पाव किलो शेंगाचटणी आरामात बसते. चटणी आधी घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात भरा, कारण तिला तेल सुटतं आणि कापडावरचा तो डाग जाता जात नाही. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना मी हीच थैली देते, सोबत कडक भाकरी.