मिनेसोटाच्या हिवाळ्यात पिकलबॉलचे इनडोअर कोर्ट शोधताना या चुका टाळा

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरात ऑक्टोबर सरत आला की उद्यानांतली पिकलबॉलची (पॅडल आणि छिद्रांच्या प्लास्टिक चेंडूने जाळीवरून खेळायच्या खेळाची) कोर्ट ओस पडू लागतात, आणि पुढे मार्च संपेपर्यंत बाहेर खेळण्याची आशा धरता येत नाही. थंडीत चेंडूचे कडक प्लास्टिक ठिसूळ होऊन त्याला चटकन तडा जातो, बर्फ साफ केलेल्या जमिनीवरही पाय घसरतो आणि पॅडल धरलेली बोटे बधिर होतात. त्यामुळे सगळ्यांची धाव एकाच वेळी छपराखालच्या जागांकडे वळते, आणि ‘इथे कोर्टच नाहीत’ अशी तक्रार दर हिवाळ्यात नव्याने ऐकू येते. माझ्या मते ही तक्रार बहुतांशी चुकीच्या शोधातून येते. इथे कोर्टापेक्षा वेळ शोधावी लागते, कारण बहुतेक जागा दिवसातले काही तासच पिकलबॉलच्या असतात.

केवळ नकाशावर विसंबणे

फोनवरच्या नकाशात पिकलबॉल शोधले की उद्यानातली उघडी कोर्ट आणि दोन-चार मोठे क्लब दिसतात. पिकलहेड्ससारख्या संकेतस्थळावर इनडोअर कोर्ट वेगळी पाहता येतात, म्हणून सुरुवात तिथून करायला हरकत नाही. परंतु शाळेची जिम, चर्चचा हॉल किंवा गावाचे कम्युनिटी सेंटर अशा शोधातून अनेकदा निसटते. कारण साधे आहे: त्या जागेची ओळख बास्केटबॉलची जिम अशी असते. सकाळी तिथे उचलून ठेवता येणारी जाळी लावून पिकलबॉल चालतो आणि दुपारी शाळा सुटली की तीच जाळी गुंडाळून मुलांचा बास्केटबॉल सुरू होतो.

म्हणून आपल्या गावाच्या पार्क्स अँड रिक्रिएशन विभागाचे जिमचे मासिक वेळापत्रक उघडून पाहावे आणि त्यात ‘ओपन जिम’ (सर्वांसाठी खुली जिम) व ‘ड्रॉप-इन’ (ऐनवेळी येऊन खेळणे) या नोंदी शोधाव्यात. मिनेसोटात याहूनही उपयोगी पडते ते शाळा-जिल्ह्यांचे कम्युनिटी एज्युकेशन, म्हणजे शाळेच्याच इमारतींत मोठ्यांसाठी चालणारे वर्ग व खेळ. ज्यांच्या घरी शाळेत जाणारे मूल नाही, अशा अनेकांना हे दालन आपल्यासाठीही खुले आहे याची कल्पनाच नसते. शेजारच्या दोन-तीन उपनगरांची वेळापत्रकेही सोबत पाहावीत. बाहेरगावच्यांना थोडे अधिक शुल्क पडते किंवा त्यांची नोंदणी उशिरा उघडते, पण प्रवेश बहुधा मिळतो.

जानेवारीत जागे होणे

शाळांचा बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, म्हणजे आपल्याला जिमची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच महिन्यांत. संध्याकाळचे उरलेसुरले तास नियमित गट आधीच धरून ठेवतात. शरद ऋतूच्या सत्राची नोंदणी साधारणपणे उन्हाळा संपताना आणि हिवाळी सत्राची वर्ष संपता संपता सुरू होते, तेव्हा त्या तारखा आधीच टिपून ठेवाव्यात. जागा भरली असेल तरी प्रतीक्षायादीत नाव जरूर घालावे. हवामान आणि आजारपणामुळे हिवाळ्यात बरीच नावे गळतात. ज्यांना दिवसा सवड आहे, विशेषतः निवृत्त मंडळी किंवा मुलांकडे राहायला आलेले आईवडील, त्यांनी कामाच्या दिवशी सकाळच्या वेळा पाहाव्यात. कम्युनिटी सेंटरमध्ये पिकलबॉलला त्याच वेळी सर्वाधिक वाव असतो.

‘पिकलबॉल आहे’ एवढ्यावर समाधान मानणे

फोन केल्यावर किती कोर्ट आहेत, एका सत्रात किती जणांना घेतात आणि खेळाडूंच्या पातळीनुसार वेळा वेगळ्या आहेत का, हे विचारल्याशिवाय घराबाहेर पडू नये. तीन कोर्टांवर एका वेळी १२ जण खेळतात. २४ जण आले तर निम्मे बाकावर बसतात, आणि ११ गुणांचा एक डाव सुमारे १५ मिनिटे चालतो असे धरले तर दोन तासांच्या सत्रात प्रत्यक्ष खेळ तासभरच होतो. हे अजूनही सुसह्य आहे. पण एकाच कोर्टावर १६ जण असतील, तर प्रत्येकाला एका डावानंतर पाऊण तास थांबावे लागते. त्यासाठी निसरड्या रस्त्यावरून अर्धा तास गाडी हाकण्यात अर्थ नाही.

जागेचे मापही विचारावे. पिकलबॉलचे कोर्ट २० बाय ४४ फुटांचे, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच असते, त्यामुळे महाराष्ट्रात बॅडमिंटन खेळलेल्यांना त्याचा अंदाज लगेच येतो. मात्र खेळण्यासाठी भोवतालच्या मोकळ्या जागेसह किमान ३० बाय ६० फूट लागतात. हायस्कूलच्या बास्केटबॉल कोर्टाची रुंदी ५० फूट असते. त्यात पिकलबॉलची कोर्ट आडवी आखली की मागच्या रेषेपासून बास्केटबॉलच्या सीमारेषेपर्यंत जेमतेम ३ फूट उरतात. त्यापलीकडे मोकळी जमीन आहे की थेट भिंत किंवा बाके आहेत, हे सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. उंच चेंडूसाठी मागे धावताना लोक पडतात ते अशाच जागी. छत १८ ते २० फुटांहून खाली असेल, तर उंच फटका मारताच येत नाही.

छप्पर आहे म्हणून इनडोअर चेंडू घेणे

चेंडू जमिनीकडे पाहून निवडायचा असतो. इनडोअर चेंडूला २६ मोठी छिद्रे असतात आणि तो तुलनेने मऊ असतो. लाकडी जमिनीवर तोच नीट उसळतो. आउटडोअर चेंडूला ४० लहान छिद्रे असतात व तो जिमच्या गुळगुळीत लाकडावरून सरपटत जातो. परंतु खास पिकलबॉलसाठी बांधलेल्या क्लबांत बाहेरच्यासारखीच कठीण, रंगवलेली जमीन असते आणि तिथे बहुधा आउटडोअर चेंडूनेच खेळतात. चेंडू कोणताही असो, रात्रभर गाडीत ठेवू नये.

एक भेटही न देता सदस्यत्व घेणे

चॅनहॅसन येथे मुख्यालय असलेल्या लाइफ टाइमसह अनेक मोठ्या क्लबांनी पिकलबॉलची सोय केली आहे, आणि केवळ पिकलबॉलसाठीची केंद्रेही निघाली आहेत. त्यांचे शुल्क कम्युनिटी सेंटरपेक्षा बरेच जास्त असते, त्यामुळे आधी एका दिवसाचे शुल्क भरून, तुम्ही एरवी जाल त्याच वेळी, म्हणजे कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास जाऊन पाहावे. सदस्यांना किती दिवस आधी कोर्ट राखता येते, शुल्कात पिकलबॉल धरलेला आहे का आणि वसंतात सदस्यत्व थांबवता येते का, हे तीन प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावेत.

बर्फातल्याच बुटांनी आत येणे

रस्त्यावर टाकलेले मीठ आणि वाळू तळव्यांना चिकटून येते व लाकडी जमीन निसरडी होते. जमिनीवर डाग न पाडणारे बूट पिशवीतून न्यावेत आणि आत गेल्यावरच घालावेत. तसेच मोठ्या हिमवृष्टीमुळे शाळा बंद राहिली की तिथले संध्याकाळचे खेळही सहसा रद्द होतात, म्हणून निघण्यापूर्वी शाळा-जिल्ह्याची सूचना पाहावी.

इतके करूनही वेळ मिळत नसेल, तर आठ-दहा ओळखीचे जमवून शाळेची जिम तासाच्या भाड्याने घेता येते का, हे विचारावे. रविवारी दुपारची वेळ कधी कधी मोकळी असते आणि खर्च वाटून घेतला की क्लबपेक्षा तो बराच हलका पडतो. अर्ज आठवडे आधी करावा लागतो, जाळी स्वतःची न्यावी लागू शकते, आणि अनेक शाळा-जिल्हे दायित्व विम्याचे (कुणाला इजा किंवा नुकसान झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याचे) प्रमाणपत्र मागतात. ते मराठी मंडळासारख्या नोंदणीकृत संस्थेकडे आधीपासून असू शकते, म्हणून तिथे प्रथम चौकशी करावी.