कैसराचं ते कैसराला: हा उतारा ग्रुपमध्ये घ्यायच्या आधी काय तयारी करायची

मार्क १२:१३-१७, म्हणजे कैसराला (रोमच्या सम्राटाला) कर द्यावा का असं विचारल्यावर येशू 'कैसराचं ते कैसराला, देवाचं ते देवाला द्या' म्हणतो तो उतारा, शिकवायची पाळी आली की बहुतेक जण पाच मिनिटांत उरकतात, सरकारचा टॅक्स भरा, चर्चला दशमांश द्या, आमेन. मीही पहिल्यांदा तसंच केलं होतं आणि मागच्या बाकावरच्या एका आजींनी विचारलं, "अरे पण कुठला टॅक्स? त्यांना मंदिराचाही कर होता ना?" मला काही सुचलं नाही, सरळ सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी नकाशा काढा, फळ्यावर किंवा कागदावर, वर गालील, खाली यहूदिया, एवढाच पुरे. येशू गालीलचा आणि गालीलवर तेव्हा हेरोद अंतिपाचं राज्य, म्हणजे तिथली वसुली तो करायचा. यहूदियात मात्र इ.स. ६ मध्ये रोमने तिथला सत्ताधीश अर्खेलाव याला हटवून थेट आपला सुभेदार बसवला आणि सूरियाचा सुभेदार क्विरीनिय याने माणसं आणि मालमत्ता मोजायला घेतली. म्हणजे कैसराच्या डोईपट्टीचा प्रश्न यरुशलेममध्ये पेटलेला होता आणि गालीलहून आलेल्या माणसाला तो तिथेच, सणाच्या गर्दीत, मंदिरात गाठून विचारलाय. विचारणारे परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे) आणि हेरोदी (हेरोद घराण्याचे पाठीराखे), ज्यांचं एरवी एकमेकांशी जमायचं नाही. हो म्हटलं तर लोक बिथरणार, नाही म्हटलं तर सुभेदाराकडे तक्रार, हा सापळा सगळ्यांना पाठ असतो, त्यावर वेळ घालवू नका.

मग कागदावर तीन रकाने आखा. लोकांचा गोंधळ इथेच होतो कारण 'कर' म्हटलं की सगळं एकच वाटतं. पहिल्या रकान्यात डोईपट्टी आणि शेतसारा, हे रोमचं. दुसऱ्यात जकात, म्हणजे रस्त्यावरचा, बंदरावरचा, मालावरचा कर. तिसऱ्यात मंदिराचा अर्धा शेकेल, वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने वर्षातून एकदा द्यायचा.

जकातीबद्दल थोडं सांगा, लोकांना आवडतं. येशूचा शिष्य मत्तय आधी कफर्णहूमच्या नाक्यावर बसायचा म्हणजे त्याची वसुली अंतिपाच्या हद्दीतली, तो काही थेट रोमचा कारकून नव्हता. जक्कय यरीहोचा, तो मुख्य जकातदार, नाक्यांचा ठेका घेणारा. ठराविक रक्कम वर पोचवायची आणि स्वतःची कमाई वसुलीतून काढायची. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जायच्या, इजारदार रयतेला कसा पिळायचा ते ज्यांनी वाचलंय त्यांना जक्कयावर गाव का चिडलेलं असायचं हे वेगळं समजावावं लागत नाही. आणि गंमत बघा, आपल्या मराठी बायबलमधला 'जकातदार' हा शब्द ज्या 'जकात'वरून आला ती मुळात अरबीत धर्माची देणगी, इस्लाममधलं एक कर्तव्य, आणि मराठीत येता येता तिचा नाका झाला! देवाचं आणि सरकारचं एका शब्दात कसं मिसळतं याचं उदाहरण म्हणून मी हे दर वेळी सांगतो.

आता मुख्य काम, इथे घाई करू नका. निर्गम ३०:१२-१३ उघडून कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. तिथे मोशेला सांगितलंय की लोकांची मोजणी करशील तेव्हा प्रत्येकाने आपल्या जिवाबद्दल खंडणी म्हणून अर्धा शेकेल परमेश्वराला द्यावा, म्हणजे मोजणीमुळे पीडा येणार नाही. मग २ शमुवेल २४ बघा, दावीद शिरगणती करतो आणि देशावर मरी येते. म्हणजे या लोकांच्या मनात डोकी मोजणं हे साधं सरकारी काम नव्हतंच, ज्याची माणसं त्याने मोजायची, आणि डोक्यामागे जे नाणं जातं ते त्या मालकाला जातं. या डोक्यामागे एक नाणं देवाला जात होतंच, आता क्विरीनिय येऊन तीच डोकी कैसराच्या वहीत लिहायला लागला. हे एकदा लक्षात आलं की या शिरगणतीविरुद्धचं यहूदा गालीलकराचं बंड आपोआप कळतं (प्रेषितांची कृत्ये ५:३७ मध्ये एका ओळीत आहे). पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की यहूदा आणि सादोक नावाचा एक परूशी यांचं म्हणणं असं, की ही शिरगणती म्हणजे उघड गुलामी आहे आणि देवाशिवाय कुणी धनी नाही. मार्कने करासाठी वापरलेला ग्रीक शब्दही लॅटिनमधल्या शिरगणतीच्या शब्दावरूनच आलाय.

पण ग्रुपमध्ये कुणीतरी लगेच म्हणेल, म्हणजे परक्या राजाला कर देणं पाप होतं तर. त्याला थांबवा. हिज्कीयाने अश्शूरच्या सन्हेरीबला ३०० किक्कार (हे वजनाचं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं दिलं, त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनं खरवडलं (२ राजे १८), तरी तो चांगल्या राजांतच मोजला जातो. यिर्मया २७ तर बाबेलच्या राजाचं जू मानेवर घ्या म्हणतो. नहेम्या ५ मध्ये लोक पारसाच्या राजाचा कर भरायला शेतं गहाण टाकून कर्ज काढतात आणि रडतात, पण बंड कुणी करत नाही. येशूच्या काळातही बहुतेक लोक गुपचूप भरतच होते, शिवाय मंदिरात कैसरासाठी रोज दोनदा यज्ञ व्हायचा. कैसराला नव्हे हां, कैसरासाठी, देवाला. हा फरक दोनदा सांगा, एकदा सांगून डोक्यात बसत नाही.

आता नाणं. खिशातून एक रुपया काढून फिरवायला द्या. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं पावणेचार ग्रॅमच्या आसपास आहे आणि तेव्हाचा कैसर तिबिर्य याचं दिनार साधारण तेवढ्याच वजनाचं होतं, फक्त चांदीचं, मजुराची एका दिवसाची मजुरी. आपल्या नाण्यावर सिंह असतात, बहुतेक अभ्यासकांच्या मते येशूने मागितलेल्या त्या नाण्यावर तिबिर्याचं डोकं आणि भोवती 'दैवी औगुस्ताचा पुत्र' असा लेख, मागे एक बसलेली बाई आणि महायाजक ही पदवी. मंदिराच्या आवारात, जिथे खरा महायाजक आहे तिथे, हे नाणं विचारणाऱ्यांनीच काढून दाखवलं, येशूकडे नव्हतं, त्याला मागावं लागलं.

मात्र इथे एक खड्डा आहे, मीही त्यात पडलोय. "मूर्तीचं नाणं म्हणून रोमचं, बिनमूर्तीचं ते देवाचं" असं सोपं उत्तर देऊ नका. मंदिराचा अर्धा शेकेल सोर (टायर) शहराच्या चांदीच्या नाण्यात भरला जायचा आणि त्या नाण्यावर एका बाजूला सोरकरांचा देव मेलकार्थ, दुसऱ्या बाजूला गरुड! चांदी चोख म्हणून मंदिराने ते चालवून घेतलं, सराफ आवारात बसायचे ते याच अदलाबदलीसाठी. नुसत्या चित्राने प्रश्न सुटत नाही.

क्रियापदाचं एका मिनिटात सांगून टाका. विचारणारे 'देणं' म्हणतात, येशू ग्रीकमध्ये 'परत देणं', 'ज्याचं त्याला चुकतं करणं' अशा अर्थाचं क्रियापद वापरतो. ज्याचं चित्र त्याला चुकतं करा, आणि मग उत्पत्ती १:२७ कुणालाही आठवतं, माणसावर चित्र कुणाचं? ही जोड फार जुनी आहे, सुरुवातीच्या शतकांतला ख्रिस्ती लेखक तेर्तुलियनही तसंच सांगतो. निर्गम ३० आधी वाचलेलं असेल तर ग्रुप इथे स्वतःहून पोचतो, तुम्ही गप्प बसा.

नंतर लूक २३:२ नक्की वाचा. रोमचा सुभेदार पिलात याच्यापुढे येशूवर आरोप काय ठेवलाय तर हा माणूस कैसराला कर द्यायला मना करतो. म्हणजे "टॅक्स भरा" इतकं ते उत्तर सरळ असतं तर हा आरोप टिकवायची कुणाची हिंमतच झाली नसती.

शेवटचा भाग ठेवायचा पुढे काय झालं त्यासाठी. इ.स. ६६ मध्ये मंदिरातला कैसरासाठीचा यज्ञ बंद केला गेला, त्याआधी थकलेला कर भरून प्रकरण मिटवायचा प्रयत्न झाला होता, ४० किक्कार गोळाही केले होते, पण उपयोग झाला नाही. इ.स. ७० मध्ये मंदिर जळालं. आणि मग रोमचा सम्राट वेस्पासियन याने जे केलं ते ऐकून ग्रुप गप्प होतो. मंदिराचा तो अर्धा शेकेल, म्हणजे दोन द्राख्मा, त्याने रद्द केलाच नाही, सगळ्या साम्राज्यातल्या यहुद्यांना तो तसाच भरायला लावला, फक्त आता रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिरासाठी. बायका आणि लहान मुलंही त्यात आली.

आता मत्तय १७:२४-२७ काढा, पेत्राला दोन द्राख्मांबद्दल विचारतात तो प्रसंग. मत्तयाचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक इ.स. ७० नंतरचं मानतात, तेव्हा ग्रुपला सांगा की हा उतारा ऐकणारा माणूस यहुदी विश्वासणारा आहे आणि तेच दोन द्राख्मा तो आज ज्युपिटरसाठी मोजून आलाय, त्याला काय ऐकू येईल? याला निदान वीस मिनिटं द्या. आणि कुणी "पण बरोबर उत्तर काय" असं विचारलंच तर २६ आणि २७ वं वचन परत मोठ्याने वाचायला लावा, तिथे येशू म्हणतो की मुलं मोकळी आहेत, आणि पुढच्याच वाक्यात कर भरण्यासाठी पेत्राला समुद्रावर गळ टाकायला पाठवतो.