१९२९ची महामंदी आपल्या गावात कशी शोधावी

महामंदी म्हटलं की न्यूयॉर्कचा शेअर बाजार आणि फुकटच्या सूपसाठी लागलेल्या रांगा डोळ्यांसमोर येतात. त्या खुणा घेऊन सातारा, नगर किंवा खानदेशातल्या गावाच्या दप्तरात शिरलात तर काहीच हाती लागणार नाही. इथला शेतकरी बेकार झाला नव्हता. तो तेवढंच पिकवत होता, विकल्यावर मिळणारे पैसे मात्र जवळजवळ निम्म्यावर आले होते. शेतसारा, सावकाराचं व्याज आणि सोसायटीचा (गावच्या सहकारी पतसंस्थेचा) हप्ता यांतला एकही आकडा त्याबरोबर खाली आला नाही. म्हणून गावातली मंदी शोधायची तर आधी रोखीत ठरलेली देणी शोधायची आणि ती भागवायला काय विकलं गेलं ते पाहायचं. पुढची पद्धत मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातल्या रयतवारी गावांसाठी (जिथे शेतकरी सारा थेट सरकारला भरत असे) आहे. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी काय बदलावं लागेल ते शेवटी दिलं आहे.

तारखा आणि मापं

१९२६ ते १९४१ हा काळ घ्या. फक्त १९२९ ते १९३३ घेतलात तर तुलनेला आधीचं काही उरत नाही, आणि सरकारी उपायांचा मोठा भाग कक्षेबाहेर जातो.

पहिला घोळ वर्षांचा होतो. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होई, व्यापाराचं सरकारी वर्ष १ एप्रिलला आणि कापसाचा हंगाम सप्टेंबरात. त्यामुळे तीन कागदांवरचं '१९३१-३२' म्हणजे तीन वेगवेगळे बारा महिने. प्रत्येक नोंदीपुढे महिना लिहा, नाहीतर परिणाम कारणाच्या आधी घडल्यासारखा दिसतो.

दुसरा घोळ मापांचा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर रेल्वेचा आणि सरकारी आकड्यांतला मण सुमारे ८२ पौंडांचा. मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची. पायली तर तालुक्यागणिक वेगळी. भाव कुठल्या मापाचा हे कागदावर नसेल तर तो आकडा सोडून द्या. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, हे बेरजेआधी दशांशात आणून घ्या.

भाव किती पडले

गावचे भाव सलग मिळणं अवघड असतं. आडत्याच्या जुन्या वह्या, संस्थानी किंवा नगरपालिकेच्या बाजाराची पत्रकं आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांतले बाजारभाव मिळाले तर उत्तम. तोवर देशपातळीवरचा कणा म्हणून कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक वापरा (जुलै १९१४ = १००). तो १९२९ मध्ये १४१, १९३० मध्ये ११६, १९३१ मध्ये ९६, १९३२ मध्ये ९१ आणि १९३३ मध्ये ८७ होता. म्हणजे चार वर्षांत सुमारे ३८ टक्के घसरण. यात कारखान्याचा मालही धरलेला आहे. शेतमाल त्याहून जास्त पडला, त्यामुळे हा हिशेब शेतकऱ्याची अडचण कमीच दाखवतो.

आता कर्जाचा भार काढा. १४१ ला ८७ ने भागलं की १.६२ येतात. समजा १९२९ मध्ये १०० रुपये कर्ज काढलं, दर साल दर शेकडा १२ सरळ व्याज आणि चार वर्षांत एक पैही फेडली नाही. १९३३ मध्ये देणं झालं १४८. त्याला १.६२ ने गुणलं की सुमारे २४०. म्हणजे कर्ज घेताना जेवढ्या मालात ते फिटलं असतं, त्याच्या जवळजवळ अडीचपट माल आता विकावा लागणार. प्रत्यक्षात व्याज याहून चढं आणि चक्रवाढही असे. मुंबई इलाख्याचं ग्रामीण कर्ज त्या सुमाराच्या बँकिंग चौकशी समितीनं ८१ कोटी रुपये धरलं होतं. तो अंदाज भाव पुरते कोसळण्याआधीचा आहे हे विसरू नका.

साऱ्यालाही हाच गुणाकार लावा, पण एक फरक ध्यानात ठेवून. सूट आणि तहकुबी पिकाच्या आणेवारीवर (पीक रुपयात किती आणे आलं, या अंदाजावर) ठरत असे, बाजारभावावर नाही. पीक बारा आणे आणि भाव निम्मा, अशा वर्षी नेहमीच्या नियमानं शेतकऱ्याला काहीच मिळत नसे. म्हणून भावांच्या तक्त्याशेजारी गावच्या आणेवारीचा रकाना हवाच. एखाद्या वर्षी खास हुकमानं सवलत दिली गेली असेल तर तो हुकूम महसूल खात्याच्या फायलींत वेगळा शोधावा लागतो. त्यासाठी मुंबईचं किंवा पुण्याचं पुराभिलेखागार गाठावं.

फेरफार वाचणं

खरा मजकूर इथे आहे, तेव्हा वेळही इथेच घालवा. हवे ते कागद तीन: फेरफार नोंदवही (गाव नमुना सहा), त्या काळचा सातबारा किंवा त्याआधीची 'क. ड. ई.' पत्रकं, आणि दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या दस्तांची यादी). बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. तिथे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा.

सुरुवातीलाच अडायला होतं ते गट नंबरावर. आजचा गट नंबर १९३० साली नव्हता. १९४७च्या कायद्यानंतर जिथे जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तिथे जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा (लोक त्याला 'नऊ-तीन, नऊ-चार' म्हणतात) काढून आधी जुना-नवा तक्ता बनवा. हे टाळून केलेलं पुढचं सगळं काम वाया जातं.

मग १९२६ ते १९४१ची प्रत्येक नोंद एका ओळीत उतरवा: नोंद क्रमांक, दस्ताची तारीख, सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, आकार (त्या जमिनीचा सारा), देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, रक्कम, प्रकार. तारीख दस्ताचीच घ्यायची, तलाठ्याच्या नोंदीची किंवा मंजुरीची नाही. दोन्हींत कधी महिन्यांचं, कधी वर्षांचं अंतर असतं. वारस आणि वाटणी वेगळ्या काढा. उरलेल्या खरेदी, गहाण, गहाणफेड, कोर्टाचा हुकूम, तगाईचा (सरकारी शेतीकर्जाचा) बोजा आणि सोसायटीचा बोजा या नोंदी मंदीच्या दृष्टीनं महत्त्वाच्या. मोजणी नोंदींच्या संख्येवर करू नका, एकरांवर करा. दहा गुंठ्यांच्या पाच खरेद्या आणि तीस एकरांची एक यांचा अर्थ सारखा नसतो.

आता सगळ्यात मोठा सापळा. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यानं कोर्टाला कर्जाच्या कागदामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा दिली होती. सावकारांनी त्यावर उतारा काढला: गहाणाऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचं आणि 'पैसे दिलेस की जमीन परत' हे तोंडी ठेवायचं, किंवा मुदत घालून शर्तीची खरेदी करायची. त्यामुळे फेरफारात 'खरेदी' दिसली म्हणून जमीन विकली गेली असं मानू नका. गहाण लपलंय हे तीन गोष्टींवरून कळतं. रक्कम शेजारच्या तशाच जमिनीपेक्षा फारच कमी असते. खरेदीनंतरही पीकपाहणीत कसणारा म्हणून जुनाच मालक लागतो. आणि काही वर्षांनी तीच जमीन त्याच दोघांत उलटी फिरते. तीनांपैकी दोन जुळल्या तर ती नोंद 'संशयित गहाण' म्हणून वेगळी ठेवा. ज्या गावात १९३० ते १९३५ मध्ये खरेद्या वाढल्या पण उलट्या फिरणाऱ्या जमिनी कमी झाल्या, तिथे मंदीनं कर्जदाराला कायमचं कूळ केलं असा निष्कर्ष काढता येतो. माझ्या मते गावपातळीवर मिळणारा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

उलटही घडतं. भाव पडल्यावर सावकाराला जमिनीची हाव राहतेच असं नाही. जमीन घेऊन सारा आपण भरायचा आणि कुळाकडचा खंड थकायचा, त्यापेक्षा कागद जिवंत ठेवलेला बरा, असा हिशेब अनेकांनी केला. म्हणून नोंदी वाढल्या नाहीत यावरून गाव सुखात होतं असं ठरवू नका. तालुक्याच्या कोर्टातल्या दरखास्ती (हुकूमनाम्याच्या वसुलीचे अर्ज) आणि सोसायटीची थकबाकीही बघा. घेणारा म्हणून सोसायटीचंच नाव लागलेलं दिसलं तर सहकाराची चाकंही तिथे रुतली होती हे कळतं.

शंभर रुपयांखालच्या खरेदीला नोंदणी सक्तीची नव्हती, त्यामुळे सूची दोनमध्ये छोटे व्यवहार सापडणार नाहीत. ते फेरफारातच मिळतात. मूळ दस्त बहुधा मोडीत असतो. वाचणारा माणूस आधी गाठून ठेवा.

सोनं

घरातलं सोनं विकल्याची नोंद सरकारदरबारी होत नाही, पण त्याची वेळ नक्की सांगता येते. २१ सप्टेंबर १९३१ला ब्रिटननं सुवर्णमान (चलन सोन्याशी बांधण्याची पद्धत) सोडला आणि रुपया १ शिलिंग ६ पेन्सलाच स्टर्लिंगला बांधलेला राहिला. त्याआधी सरकारी हिशेबात तोळा २१ रुपये ३ आणे १० पै होता. पुढे सोन्याचा रुपयांतला भाव चढत गेला. धान्य मातीमोल आणि सोनं तेजीत, म्हणून खेड्यांतलं सोनं मुंबईमार्गे लंडनला गेलं. दशकभरात सुमारे ३०० कोटी रुपयांचं. सरकार म्हणे लोक नफा काढताहेत, राष्ट्रीय पुढारी म्हणत लोक नाडले गेलेत. गावपातळीवर वाद सोडवायचा तर सराफाच्या वहीतले विक्रीचे महिने साऱ्याच्या हप्त्यांच्या महिन्यांशी लावून बघा. जुळले तर नफ्याची भाषा टिकत नाही.

मुंबईला गेलेली माणसं

कोकण आणि घाटावरच्या गावांचा अर्धा जमाखर्च गिरणगावात होता. गिरण्यांत पगारकपात झाली, काही गिरण्या बंद पडल्या आणि १९३४ मध्ये मोठा संप झाला. मुंबईच्या लेबर ऑफिसचं मासिक 'लेबर गॅझेट' यासाठी वापरा. १९३१च्या जनगणनेवर फार भिस्त ठेवू नका. ती फेब्रुवारी १९३१ची, म्हणजे तळ गाठायच्या आधीची. १९४१ची आकडेवारी युद्धामुळे तुटपुंजी छापली गेली.

सरकारनं काय केलं, आणि कधी

एका कागदावर दोन रांगा करा. डावीकडे कायदा झाल्याची तारीख, उजवीकडे तो तुमच्या तालुक्यात लागू झाल्याची. बहुतेकांची फसगत उजवी रांग रिकामी ठेवल्यानं होते.

सरकारचा पहिला प्रतिसाद मंदी वाढवणाराच होता. १९३१च्या पुरवणी अर्थकायद्यानं करांवर २५ टक्के अधिभार बसला आणि सरकारी नोकरांच्या पगारात १० टक्के कपात झाली. लंडनची देणी भागवायची आणि रुपयाचा दर टिकवायचा, हे त्यामागचं गणित. हुंडणावळीचा (रुपया-स्टर्लिंग विनिमयाचा) दर १ शिलिंग ४ पेन्सवर आणा ही इथल्या व्यापाऱ्यांची मागणी मानली गेली नाही.

दुसरा प्रतिसाद जकातीचा. कापडावरची आयात जकात पायरीपायरीनं चढली. ब्रिटिशेतर मालावर ती १९३३ मध्ये ७५ टक्क्यांवर गेली. जपाननं उलट भारतीय कापसावर बहिष्कार घातला, म्हणजे गिरणीमालकाला दिलेल्या आधाराचा फटका वऱ्हाड-खानदेशच्या कापूसवाल्याला. १९३२च्या साखर संरक्षण कायद्याचा परिणाम मात्र नीरा, प्रवरा, गोदावरीच्या कालव्यांवर उघड दिसतो. जावाची साखर रोखली गेली आणि वालचंदनगर, रावळगाव, माळीनगर इथे त्याच दशकात कारखाने उभे राहिले. तुमचं गाव कालव्याखाली असेल तर फेरफारात कंपनीच्या नावे लांब मुदतीचे भाडेपट्टे शोधा. तिथली मंदी शेजारच्या जिरायत गावापेक्षा वेगळी दिसेल.

कर्जावरचा उपाय सगळ्यात उशिरा आला. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ला सुरू झाली, तिच्या कायद्यातच शेतीपतखात्याची तरतूद होती. इलाख्याची भूविकास गहाण बँकही १९३५चीच. १९३७च्या निवडणुकीनंतर मुंबईत आलेल्या काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळाच्या काळात कूळकायदा आणि शेतकरी कर्जनिवारण कायदा १९३९ मध्ये झाले. पण कर्ज-तडजोड मंडळं तालुक्यांत टप्प्याटप्प्यानं आली, आणि १९४७च्या नव्या कर्जनिवारण कायद्यानं ते काम दिवाणी कोर्टांकडे गेलं. तोवर युद्धानं भाव वर नेले होते. एखादं गहाण १९४३ मध्ये फिटलेलं दिसलं तर श्रेय कायद्याला देण्याआधी मंडळाचा निवाडा क्रमांक नोंदीत आहे का ते बघा. नसेल तर ते ज्वारीच्या चढ्या भावानं फिटलं असण्याचीच शक्यता जास्त.

कुळांचा प्रश्न तपासताना खंड रोख होता की धान्यात हे आधी ठरवा. रोख खंडात घसरणीचा मार कुळावर पडतो, वाट्याच्या पद्धतीत तो मालकावरही पडतो आणि मग मालक वाटा वाढवायला किंवा कूळ काढायला बघतो. अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या कुळांनी १९३३ पासून सुमारे सहा वर्षं जमीन कसायचं थांबवलं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या संपाला खोती (सारा वसूल करणाऱ्या वतनदार खोतांच्या) जुलमाचा जुना इतिहास होता, मंदी हे एकटं कारण नव्हे. १९३०च्या कायदेभंगाचंही तसंच आहे. साराबंदीमुळे सारा थकला की पैसा नसल्यामुळे, हे गावागणिक तपासावं लागतं. चळवळ नसलेलं शेजारचं एक गाव तुलनेला घेतलंत तर ते बरंचसं सुटं होतं.

विदर्भ आणि मराठवाडा

मध्य प्रांतात कर्ज-तडजोडीचा कायदा १९३३ मध्येच झाला, मुंबईच्या सहा वर्षं आधी. नागपूर भागात मालगुजारी (सारा मालगुजारामार्फत भरायची पद्धत) होती, तेव्हा सारा आणि खंड यांचे कागद वेगळ्या नावांनी शोधा. मराठवाड्यातलं दप्तर उर्दूत, साल फसली (त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन) आणि रक्कम हाली शिक्क्यात (निजामाच्या नाण्यात). सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी. हे रूपांतर न करता औरंगाबादचे आणि नगरचे जमिनीचे भाव शेजारीशेजारी मांडलेत तर सोळा-सतरा टक्क्यांचा खोटा फरक पडतो.