जुन्या सहकाऱ्याकडून रेफरल मागताना या चुका टाळा

आधी कंपनीच्या साइटवर अर्ज टाकायचा, दोन कन्सल्टन्सींना रेझ्युमे पाठवायचा आणि कुठूनच फोन आला नाही की लिंक्डइनवर तिथल्या जुन्या सहकाऱ्याला गाठायचं. नेमकं इथेच बिनसतं. अनेक आयटी कंपन्यांत तुमचं नाव आधीच सिस्टिममध्ये असेल तर रेफरल, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्याने केलेली शिफारस, धरलं जात नाही, आणि पुढचे काही महिने तो रस्ता बंद होतो. त्यामुळे आधी माणसाला विचारा, अर्ज नंतर. एकाच कंपनीतल्या चौघांना एकदम विचारू नका. रेफरल एकाचंच लागतं, बाकीच्यांचे कष्ट वाया जातात.

दुसरी चूक मेसेजची. ‘हाय, कसा आहेस? काही ओपनिंग आहे का?’ याला समोरचा काय उत्तर देणार? तुमच्यासाठी जागा शोधत बसायला त्याला वेळ नसतो. ती तुम्हीच शोधा आणि असं लिहा: ‘आपण बँकिंगच्या प्रोजेक्टवर टेस्टिंगला एकत्र होतो. तुमच्याकडे ही जागा निघाली आहे, जॉब आयडी सोबत देतोय. अनुभव सहा वर्षं, नोटीस पिरियड ९० दिवस, रेझ्युमे जोडलाय. माझं काम तू पाहिलं आहेस. योग्य वाटलं तरच रेफर कर.’ शेवटचं वाक्य गाळू नका. रेफर करणारा स्वतःचा शब्द खर्ची घालत असतो, त्याला नकार द्यायची मोकळीक हवी. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करून द्या, मग थांबा.

फक्त जिवलग मित्रांनाच विचारणं हीसुद्धा चूकच. त्यांना ठाऊक असलेल्या जागा बहुधा तुम्हालाही ठाऊक असतात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच विरळ, म्हणजे फारशा जवळच्या नसलेल्या, ओळखींचं महत्त्व दाखवून दिलं होतं. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लिंक्डइनच्याच कोट्यवधी सदस्यांवरच्या अभ्यासातही मध्यम ओळखीच नोकरीसाठी सर्वाधिक उपयोगी ठरल्या. शेजारच्या टीममधली, जेवायच्या टेबलावर भेटणारी मंडळी आठवा.

लिंक्डइनवर फोटोभोवती येणारी ‘ओपन टू वर्क’ची (नोकरी शोधतोय सांगणारी) हिरवी चौकट सगळ्यांना दिसते, तुमच्या मॅनेजरलाही. पेपर टाकला (राजीनामा दिला) नसेल तर ‘फक्त रिक्रूटर्सना’ हा पर्याय निवडा. तोही शंभर टक्के गुप्ततेची हमी देत नाही.

लिंक्डइनचं खातं ऑफिसच्या ईमेलवर उघडलं असेल तर आजच स्वतःचा ईमेल जोडून तो प्रायमरी करा. लास्ट वर्किंग डेनंतर ऑफिसचा मेल बंद होतो, आणि पासवर्ड विसरलात तर नवा पासवर्ड घ्यायचा मेलही त्याच बंद पत्त्यावर जातो.