मेंदू हातात घेण्याआधी

पहिल्यांदा मेंदू हातात आला तेव्हा तो मला फारच लहान वाटला. जेमतेम तेराशे-चौदाशे ग्रॅम वजन, फॉर्मालिनने घट्ट झालेला करड्या रंगाचा गोळा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी काढणारा वास.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी मेंदूची रचना शिकवणारी न्यूरोअ‍ॅनाटॉमी आली तोवर आमचे हात-पाय, छाती, पोट उरकले होते आणि परीक्षा तोंडावर होती. जो तो ती घाईत गुंडाळत होता. मीही तेच केलं. गायरस (वळ्या), सल्कस (खाचा), लोब (मोठे भाग) यांची नावं रात्र-रात्र जागून घोकली. टर्मिनलच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. ‘लॅटरल व्हेंट्रिकलमधलं पाणी रक्तात कसं जातं, काढून दाखव.’ व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या. थर्ड व्हेंट्रिकल काढलं, अ‍ॅक्विडक्टच्या बारीक नळीतून फोर्थपर्यंत आले आणि थांबले. पुढे वाटच आठवेना. ‘या माणसाला तू हायड्रोकेफॅलस केलास,’ सर म्हणाले. हायड्रोकेफॅलस म्हणजे पाणी तुंबून मेंदूत साचणं. ‘पुढच्याला पाठव.’

आमची जमीन कॅनॉलखालची. पाणी कुठून सुटतं, कुठल्या चारीला वळतं, टेलला, म्हणजे कॅनॉलच्या शेवटच्या टोकाला, पोचतं का, ही चर्चा ऐकतच मी वाढले. तरी मेंदूकडे त्या नजरेने बघायचं मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. म्हणून आता पहिल्या वर्षाला असलेल्या तुम्हाला सांगते, नावांच्या मागे नंतर लागा. आधी रक्त आणि पाणी कुठून कुठे जातं ते कागदावर काढा.

मानेतून चार रक्तवाहिन्या वर येतात: दोन इंटर्नल कॅरॉटिड, दोन व्हर्टिब्रल. व्हर्टिब्रलची जोडी मेंदूच्या देठातल्या पॉन्सच्या खालच्या कडेशी एक होते, तिची बेसिलर बनते. पुढून कॅरॉटिडच्या फांद्या, मागून बेसिलरच्या आणि त्यांना सांधणाऱ्या कम्युनिकेटिंग आर्टरी मिळून मेंदूच्या तळाशी जे वर्तुळ बनतं ते सर्कल ऑफ विलिस. १६६४ साली थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने ते छापलं, तेव्हा त्याच्यासाठी चित्रं काढली क्रिस्टोफर रेनने. हाच रेन पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा वास्तुकार. विलिसलाही चित्र काढून घ्यावं लागलं, मग आपलं नुसत्या वाचनावर कसं भागणार? मी रोज जेवणाआधी पुस्तक मिटून एकदा वर्तुळ काढायचे. पंधरा दिवसांत हात बसला. मात्र पुस्तकातलं नीटनेटकं वर्तुळ प्रत्येक डोक्यात सापडत नाही. बऱ्याच माणसांत एखादी फांदी दोऱ्याइतकी बारीक असते, कधी नसतेच.

मग चारी आणि शेतं जोडा, म्हणजे कुठली वाहिनी मेंदूच्या कुठल्या भागाला रक्त देते ते. अँटीरियर सेरेब्रल आतल्या बाजूला, म्हणजे पायाचा भाग. मिडल सेरेब्रल बाहेरच्या बाजूला, चेहरा आणि हात. डावीकडे बहुतेकांची वाचाही. पोस्टीरियर सेरेब्रल मागे, दृष्टी. पुढे मेडिसिनच्या वॉर्डात ‘हात पार गेलाय, पाय थोडाफार हलतो, तोंड वाकडं झालंय’ असं नातेवाईक सांगतात तेव्हा कुठली चारी तुंबली ते सीटी स्कॅनच्या आधी कळतं. आणि रक्तदाब फार कोसळला की दोन वाहिन्यांच्या शिवेवरचा भाग आधी मरतो. पुस्तकात त्याला वॉटरशेड म्हणतात. मी टेल म्हणते. कॅनॉलचा दाब कमी झाला की आधी टेलवाल्याचंच पीक वाळतं.

एक व्यवहाराची गोष्ट. टेबलावरचा मेंदू दहा हातांतून फिरतो. कुणी पाया मॅटर, म्हणजे मेंदूला चिकटलेलं पातळ आवरण, सोलतं, तिच्याबरोबर वाहिन्याही निघून येतात. वासाचे ऑलफॅक्टरी बल्ब तर तुटायला बसलेलेच असतात. कवटी उघडतील त्या दिवशी दांडी मारू नका आणि मेंदूचा तळ पहिल्याच दिवशी बघून घ्या. आमच्या बॅचला स्पॉटरच्या, म्हणजे भाग ओळखायच्या परीक्षेच्या, वेळी मेंदूवर वर्तुळाचे दोन तुकडे उरले होते.

आता ते पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, सीएसएफ. व्हेंट्रिकलमधल्या कोरॉइड प्लेक्सस या रक्तवाहिन्यांच्या जाळीत बनतं, फोर्थ व्हेंट्रिकलच्या तीन भोकांतून (मधलं मॅजेंडी, बाजूची दोन लुश्का, माझ्या कागदावर हीच राहिली होती) सबअ‍ॅरॅक्नॉइड जागेत, म्हणजे मेंदूच्या आवरणांमधल्या फटीत, येतं आणि अ‍ॅरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन या आवरणाच्या उंचवट्यांमधून मुख्यतः सुपीरियर सॅजिटल सायनस या डोक्यातल्या मोठ्या शिरेच्या रक्तात मिसळतं. एका वेळी साधारण १५० मिली, पण दिवसाला बनतं ५०० मिलीच्या आसपास. मेंदू त्यात तरंगतो, म्हणून कवटीत त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅमचा राहतो.

हे आकडे परीक्षेपुरते समजत होते. इंटर्नशिपला मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणांचा दाह) संशयावरून एका पोराचं लंबर पंक्चर, म्हणजे पाठीत सुई घालून हे पाणी काढणं, ठरलं आणि त्याची आजी दारात आडवी आली. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो.’ ही भीती तुम्हाला प्रत्येक वॉर्डात भेटेल. मी तिथेच एका केसपेपरच्या मागे मणका काढला. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्यापाशी संपतो, सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे जाते. तिथे नुसत्या नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात, सुई लागली तर बहुधा बाजूला सरकतात. आजीने चित्र निरखून पाहिलं.

‘आणि काढलेलं पाणी?’

‘चमचाभर काढणार, आजी. पाव तासात तेवढं परत भरतं.’

‘विहिरीसारखं,’ ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.