ऑलिव्ह ऑइल आणि कॅन्सर: या चुका टाळा

'ऑलिव्ह ऑइलने कॅन्सरच्या पेशी तासाभरात मरतात' ही बातमी खोटी नाही, अर्धवट आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी या तेलातलं ऑलिओकॅन्थल हे संयुग कॅन्सरच्या पेशींवर टाकलं. पेशींच्या आतल्या लायसोसोम नावाच्या पिशव्या फुटल्या, त्यांतली पाचक द्रव्यं बाहेर सांडली आणि पेशी खरोखरच तासाभरात मेल्या. पण कुठे? प्रयोगशाळेतल्या बशीत. तिथे संयुग थेट पेशीवर पडतं. आपण घेतलेलं तेल आधी पोटात, आतड्यात आणि यकृतात पोचतं आणि तिथेच बरंच बदलतं.

म्हणून सगळ्यात घातक चूक एकच: तेलाच्या भरवशावर तपासणी किंवा उपचार लांबवणं. गाठ वाट पाहत नाही. केमोथेरपी चालू असताना ऑलिव्हच्या अर्काच्या कॅप्सूल घ्यायच्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासाचा दाखलाही नेहमी चुकीचा दिला जातो. भूमध्यसागरी आहारासोबत (भाज्या, फळं, कडधान्यं, मासे यांवर भर असलेला आहार) एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे रिफाइन न करता फळं दाबून काढलेलं, तेल घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर कमी आढळला, हे खरं. मात्र ४,२८२ स्त्रियांमध्ये रुग्ण निघाल्या फक्त ३५, आणि अभ्यास मुळात हृदयविकारासाठी आखलेला होता. आशा वाटावी असा निष्कर्ष आहे, पण त्यावरून हमी देता येत नाही.

दुसरी मोठी चूक बाटली निवडताना होते. 'लाइट' किंवा 'प्युअर' लिहिलेलं तेल बहुतांशी रिफाइंड असतं. ऑलिओकॅन्थल, हायड्रॉक्सीटायरोसोल यांसारखी पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली उपयुक्त संयुगं) रिफायनिंगमध्येच निघून जातात. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' घ्या, आणि चाखून बघा. चमचाभर तेल तोंडात घोळवून सावकाश गिळा. क्षणभराने घशात मागच्या बाजूला तिखटसर खवखव उठली, कदाचित ठसकाही लागला, तर ते ऑलिओकॅन्थल. आयबुप्रोफेन या वेदना आणि सूज कमी करणाऱ्या औषधाचं द्रव रूपही घशाला असंच झोंबतं. या साम्यावरूनच २००५ मध्ये ऑलिओकॅन्थलचा दाहशामक (सूज कमी करणारा) गुण लक्षात आला. अनेकजण ही खवखव भेसळ समजून चांगली बाटली परत करतात! घसा अजिबात झोंबला नाही, तर ऑलिओकॅन्थल फारसं उरलेलं नाही असं समजा.

जास्त प्यायल्याने जास्त फायदा, हाही गैरसमजच. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात, तेव्हा हे तेल रोजच्या तेलाऐवजी वापरा, त्यात भर म्हणून नको.

बाटली गडद काचेची असू द्या आणि शेगडीपासून लांब ठेवा. उजेड, उष्णता आणि हवा लागली की पॉलिफेनॉल्स घटत जातात. तेलाला जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास येऊ लागला, की ते टाकून द्या.