मधपेटीची जागा आणि ऊन
मधपेटीचे दार शक्यतो पूर्वेकडे ठेवावे, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन थेट दारावर पडून माशा लवकर कामाला लागतात. दुपारी मात्र पेटीवर सावली हवी, आणि हयगय होते ती नेमकी इथेच: अळ्यांच्या पोळ्यांभोवती साधारण ३४-३५ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागत असल्याने, पेटी तापली की मकरंदाला जाणाऱ्या माशा पाणी आणण्यात गुंततात, काही दाराशी पंखांनी वारा घालत राहतात आणि उरलेल्या बाहेर घोसाने लटकतात. कायमची गर्द सावलीही नको. तिथे ओल साचते. पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती असावी. जागा बदलायचीच असेल तर ती रोज हातभरच सरकवावी, कारण एकदम काही मीटर हलवल्यास परतणाऱ्या माशा जुन्याच जागी घिरट्या घालतात.